गुडघ्याएवढी पायरी

"गुडघा दुखतोय का तुमचा?"

जुन्या गाड्यांच्या यार्डात, ऐन दुपारी, एका एसयूव्हीच्या दारात मी एक पाय वर आणि एक खाली अशी लोंबकळत होते, तेव्हा मागून हा प्रश्न आला. वळून पाहिलं. उन्हाने रापलेला चेहरा, हातात जीपची किल्ली आणि डोळ्यांत दाबून ठेवलेलं हसू.

"माझा नाही," मी म्हणाले. "माझ्या पॅसेंजरांचा."

मग सगळं सांगावंच लागलं. माझे बाबा, शाळेतून रिटायर झालेल्या एक बाई आणि एक शिंपीकाका, या तिघांना मी दिवसाआड डायलिसिसला नेते-आणते. त्यावरच घर चालतं. जुन्या गाडीने नुकतीच मान टाकली होती. आता घ्यायची ती एकदाच. चुकली तर बदलणं मला झेपणारं नव्हतं.

"मग चढून बघायला म्हातारा हवा," तो म्हणाला. "मी होऊ?"

"तुम्ही उडी मारून चढाल."

"बांधा की मग गुडघा!"

गळ्यातला स्कार्फ काढून मी खरंच बांधला. गाठ मारताना त्याचा श्वास थांबलेला कळला... माझाही थांबला असावा.

"अगं पोरी, हात दे गं..." कण्हत, कुंथत, ताठ पायाने तो एसयूव्हीत चढला. पायरी गुडघ्याएवढी. मी इतकी हसले की यार्डवाले काका ऑफिसातून डोकावून गेले. किती दिवसांनी हसत होते कोण जाणे!

मग शेजारच्या व्हॅनचं दार बाजूला सरकलं आणि तो सरळ आत जाऊन बसला. पायरी जेमतेम वीतभर. "हिच्यात मजा नाही," तो तोंड पाडून म्हणाला. "हात द्यायला कुणी लागतच नाही."

तो डोंगरावरच्या टीव्हीच्या टॉवरवर कामाला, राहायलाही तिथेच. ऑफिसची जुनी जीप विकायला खाली आला होता. काका त्याला टॉवरवाला म्हणत, म्हणून मीही. जीपची कागदपत्रं होईपर्यंत तो खालीच मुक्कामाला होता, रोज यार्डात यायचा. मी रोज का जायचे? गाडी बघायला! एकच एसयूव्ही आणि एकच व्हॅन, पण माझं बघून होत नव्हतं. तो कधी चक्कर आलेला पेशंट व्हायचा, कधी कंबर धरलेला. वर चढताना डाव्या हाताने दांडी पकडली की मी ओरडायचे, "तो हात नाही! त्या हाताला डायलिसिसच्या सुया लागतात, ओढलं तर शीर निकामी होईल!"

"बरं बाई, तुम्ही ओढा," असं म्हणून तो उजवा पुढे करायचा. सोडवून घ्यायची घाई दोघांनाही नसायची.

एके दिवशी त्याने एसयूव्हीच्या बॉनेटवर थाप मारली. "ही वर येते. माझ्यापर्यंत."

"आणि व्हॅन?"

"पायथ्यालाच पोट घासेल. नुसते दगड आहेत."

"मग तुम्हीच या ना खाली," मी हसत म्हणाले. म्हणजे हसायचा प्रयत्न केला.

"वर आई आहे. एकदा आणली होती खाली... जेवायचीच बंद झाली." मग त्याने विचारलं, "तुम्ही?"

"बाबांना मशीन लागतं. वर आहे का मशीन?"

"नाही."

संपलं. इतका सरळ हिशोब, शेंबडं पोरही सोडवेल. आम्ही दोघं मात्र तो पुन्हा पुन्हा मांडत व्हॅनच्या मागच्या सीटवर बसून राहिलो.

शेवटी तो म्हणाला, "रविवारी मशीन बंद असतं ना? पहाटे निघालात तर दुपारी वर. महिन्यातला एक रविवार..."

महिन्यातला एक रविवार! मला तो अख्ख्या आयुष्याएवढा वाटला. आणि एसयूव्हीच्या पायरीचं काय, तर स्टूल ठेवू! गुडघा बांधून तो स्टूलवरून चढलासुद्धा. त्या रात्री मी आरशात बघून केस विंचरले. बाबांनी ते पाहिलं.

दुसऱ्या दिवशी त्यांना यार्डात नेलं.

"उंच गाडी घे," एसयूव्हीकडे बघत ते म्हणाले. "जरा रुबाब दिसू दे की तुझा!"

स्टूलवर एक पाय ठेवला. दुसरा निम्म्यात अडला. मी हात पुढे करेपर्यंत त्यांनी वरची दांडी पकडली, स्वतःला आत ओढलं आणि धापा टाकत सीटवर टेकले. चेहरा असा, जणू पहिला नंबर आलाय.

"बघ! जमलं की नाही?"

डाव्या हाताने ओढलं होतं. ज्या हातात जड पिशवी नाही, घड्याळ नाही, ज्या कुशीवर कधी झोपसुद्धा नाही, त्या हाताने. माझ्यासाठी.

मी टॉवरवाल्याकडे पाहिलं. त्यालाही दिसलं होतं. मीच तर रोज ओरडून शिकवलं होतं त्याला.

तो पुढे झाला. बाबांना अलगद धरून खाली उतरवलं. मग ऑफिसकडे वळून म्हणाला, "काका, व्हॅनची किल्ली द्या."

माझ्या तोंडून ते निघालं नसतं. म्हणून त्याने म्हटलं. मला त्याचा असा राग आला... आणि तितकं प्रेम मला कुणावरच आलं नव्हतं.

"अगं, पण मला जमलं होतं," बाबा पुटपुटले.

"हो बाबा. छान जमलं."

जीपचे कागद झाले आणि रविवारी आम्ही व्हॅनने त्याला पायथ्यापर्यंत सोडायला गेलो. बाबा पुढे, तो मागे. आरशात बघायचं नाही असं ठरवून मी सगळा रस्ता आरशातच बघत होते. डांबर संपलं, दगड सुरू झाले, मी ब्रेक लावला. वरून ऑफिसची गाडी त्याला न्यायला आली होती.

तो उतरला, माझ्या खिडकीशी आला. बाबांनी लगेच डोळे मिटले. झोपेचं सोंग त्यांना कधीच जमलेलं नाही.

"माझं तुमच्यावर..." तो थांबला. "सांगून काही उपयोग नाही ना?"

"नाही," मी म्हणाले. "तरी सांगा."

त्याने सांगितलं. मीही सांगितलं. खालच्या आवाजात, दोन दोन शब्दांत. मग तो मागे गेला आणि त्याने दार सरकवलं, इतकं हळू, जणू आत कुणी मूल निजलंय. डॅशबोर्डवरचा दाराचा लाल दिवा काही विझेना.

"लागलं नाही," मी मान न वळवता म्हणाले. "हळू लावलं तर लागत नाही हे. जोरात ओढा."

बराच वेळ काहीच झालं नाही. मग त्याने ओढलं. सगळी गाडी हादरली.

"लागलं का गं?" बाबांनी मिटल्या डोळ्यांनीच विचारलं.

"लागलं, बाबा."

मी गाडी वळवली.