कॅमेऱ्यात बघू नकोस

बोटीमागे उडणारे कुरव पक्षी टिपायला दोर्साफने मोबाइल आडवा धरला, कोपर कठड्याला टेकवलं, श्वास रोखला… आणि नेमका तेव्हाच एक माणूस चौकटीत शिरला. हातात पावांची उंच चळत, केस वाऱ्याने विस्कटलेले. बरं, शिरला तर शिरला. सरळ कॅमेऱ्यात बघत उभाच राहिला.

"जरा बाजूला होता का?"

"कुठल्या बाजूला?"

"कुठल्याही. पक्षी दिसत नाहीयेत."

"पक्षी काय, रोज असतात," तो शांतपणे म्हणाला. "मी शनिवारीच असतो."

दोर्साफला हसू आलं, हात हलला आणि चित्र वाया गेलं. तिने ते तिथल्या तिथे पुसून टाकलं. मोबाइलमध्ये जागा कमी असली की माणूस हळवा राहत नाही.

सप्टेंबर संपत आला होता. स्फाक्स शहराच्या धक्क्यावरून करकेना बेटांकडे जाणारी ही बोट आता दर शनिवारी तिची होणार होती. जीवशास्त्राची पदवी घेऊन वर्ष उलटलं होतं आणि नोकरीचं नाव नव्हतं. पण प्रयोगशाळेत असताना तिने खेकड्यांच्या पिलांवर मोबाइलने एक छोटासा सिनेमा केला होता. तो पाहून बेटावरच्या युवा केंद्राने विचारलं, आमच्या पोरांना शिकवाल का? ती हो म्हणाली. शिकवायचं कसं, याचा विचार तिने प्रयोगासारखा केला. नियम थोडे, पण पक्के. मोबाइल आडवा धरायचा. सूर्य पाठीशी घ्यायचा. बोलण्याआधी वारा ऐकायचा. दिवस संपला की चांगली दृश्यं ठेवायची आणि बाकीची पुसायची, कारण पोरांचे मोबाइल जुने आणि घरच्यांच्या लग्नांनी भरलेले. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे जो पडद्यावर आहे, त्याने कॅमेऱ्यात बघायचं नाही.

पोरांनी विषय ठरवून ठेवला होता: शरफिया. बेटाभोवतीच्या उथळ समुद्रात खजुरीच्या झावळ्या रोवून उभी केलेली लांब भिंत, टोकाशी माशांचा सापळा. दर वर्षी शरद ऋतूत ती नव्याने बांधायची. आणि सिनेमाचा नायक? पंधरा वर्षांची ओन्स, सगळ्या पोरांची म्होरकी, त्याला हाताला धरून घेऊन आली.

"मिस, हे वज्दी. यांची शरफिया सगळ्यांत जुनी आहे. आणि हे फुकट काम करतात."

पाववाला आत आला, मान झुकवली आणि म्हणाला, "मी पक्षी नाही, मिस. चालेल का?"

"उडाला नाहीत तर चालेल."

पोरं खिदळली. दोर्साफ गंभीर झाली, म्हणजे गंभीर दिसायचा प्रयत्न केला.

*

पहिलंच दृश्य. वज्दी गुडघाभर पाण्यात उभा. झावळीचा बुंधा वाळूत रुतवतोय, पायाने दाबतोय. प्रकाश सुरेख. दोर्साफ मोबाइल घेऊन त्याच्यासमोर पाण्यात, सलवारीचे पाय दुमडलेले. सगळं छान चाललं होतं… आणि त्याने मान वर केली. सरळ कॅमेऱ्यात.

"कट. वज्दी, कॅमेऱ्यात नाही बघायचं."

"माफ करा. परत."

परत केलं. परत तेच. झावळी रोवली, हात पुसला, वर पाहिलं. डोळे पाण्यासारखे, कधी हिरवट तर कधी करडे.

"इकडे नाही हो! झावळीकडे बघा."

"झावळी मला पाठ आहे."

"मग समुद्राकडे बघा."

"तोही."

"मग… कुठेही बघा, फक्त इथे नको."

ओन्स आणि तिच्या दोन मैत्रिणी किनाऱ्यावर एकमेकींना कोपरखळ्या मारत होत्या. दोर्साफला वाटलं, त्या वज्दीच्या अभिनयाला हसताहेत. संध्याकाळी युवा केंद्राच्या पायरीवर बसून तिने ती सगळी दृश्यं पुसली. अंगठ्याने एक-एक चेहरा चौकटीतून नाहीसा होताना तिने पाहिला आणि तिला थोडं विचित्र वाटलंही. पण चूक ती चूक.

ओन्सने मोबाइल धरला की वज्दी बिचारा सरळ काम करायचा. दोर्साफने धरला की बिघडायचा. हे तिच्या लक्षात आलं नाही असं नाही. तिने त्याचं कारणही शोधलं: पोरं त्याच्या घरच्यासारखी, आपण परक्या, परक्यासमोर माणूस अवघडतो. शास्त्र शिकलेल्या मुलीला कारण सापडलं की ती निर्धास्त होते. दुसरं कारण असू शकतं का, हे बघायचं मात्र राहून जातं.

*

ऑक्टोबरात एकदा अचानक पाऊस आला. पोरं किनाऱ्यावरच्या झोपडीकडे पळाली आणि ती दोघं नावेतच अडकली. वज्दीने ताडपत्री ओढून तिच्या डोक्यावर धरली. तिने मोबाइल पोटाशी धरला. पाऊस समुद्रावर बारीक टाचण्यांसारखा टोचत होता. कुठून तरी ओल्या शेवाळाचा वास येत होता.

"एक विचारू?" ती म्हणाली. "भिंत दिसल्यावर मासा मागे का फिरत नाही?"

"ओहोटी लागली की त्याला खोल पाणी हवं असतं. भिंतीची कड धरून तो पुढे-पुढे जातो. त्याला वाटतं, शेवटी खोल असेल."

"आणि शेवटी?"

"शेवटी आमची आई आणि कुसकुसचं पातेलं."

ती हसली. तो तिला हसताना बघत राहिला. आता तर मोबाइलही मध्ये नव्हता. तिने नजर चुकवून केस कानामागे सारले.

"मामा बोलावतोय इटलीला," तो एकदम म्हणाला. "मोठी बोट आहे त्याची. मुलगीही आहे, निस्रीन. आईच्या मनात दोन्ही आहेत."

"आणि तुझ्या?" ती 'तू' कधी म्हणायला लागली, तिलाही कळलं नाही.

"मी वेळ मागितलाय. सिनेमा पुरा होईपर्यंत."

पाऊस ताडपत्रीवर वाजत होता. तिला म्हणायचं होतं… काय म्हणायचं होतं? तिने ते नीट तपासून पाहायचं ठरवलं, पुरावा पुरेसा आहे का, आपल्याला उगाच वाटतंय का. आणि तोवर तोंडून निघून गेलं, "इटलीत बोटी चांगल्या असतात म्हणे."

वज्दीने ताडपत्रीवर साचलेलं पाणी झटकलं. "हो. म्हणतात खरं."

*

नोव्हेंबरात शेवटचं दृश्य. शरफिया पुरी झाली होती. झावळ्यांची लांब काळी रेघ समुद्रात वळत गेली होती. वज्दीने टोकाशी जाऊन पहिला मासा काढायचा, नावेत ठेवायचा आणि निघून जायचं. बस.

दोर्साफने मोबाइल धरला. मनातल्या मनात ती त्याच्या मान वर करण्याची वाट पाहत होती. इतकी सवय झाली होती तिला. पण तो नाही वळला. मासा काढला, हातात क्षणभर तोलला, ठेवला, वल्हं उचललं. डोळे सगळा वेळ पाण्यावर. नाव चौकटीतून अगदी हवी तशी बाहेर गेली.

"कट!" ती आनंदाने ओरडली. "वज्दी, आज एकदाही बघितलं नाहीस."

तो नाव वळवून परत आला. "जमलं म्हणजे?"

"पक्कं जमलं. किती वेळा सांगावं लागलं तुला. पण शिकलास."

"शिकलो," तो म्हणाला. त्याने हात धुतले, पोरांचा निरोप घेतला आणि घराकडे चालायला लागला. किनाऱ्यावरून जाताना नेहमीसारखा थांबला नाही. ओन्सने दोर्साफकडे असं पाहिलं, जणू तिनेच काहीतरी मोडलंय.

*

सिनेमा जोडायला दोन आठवडे लागले. युवा केंद्राच्या भिंतीवर चादर बांधली, खिडक्यांना घोंगड्या लावल्या आणि रविवारी दुपारी सगळा गाव गोळा झाला. म्हाताऱ्या कोळ्यांनी पडद्यावरच्या झावळ्यांना नावं ठेवली, पोरांची नावं पडद्यावर आली तेव्हा बायांनी आनंदाने हाळ्या दिल्या. टाळ्या थांबेचनात. वज्दी मात्र आला नव्हता.

चादर सोडताना दोर्साफ म्हणाली, "ओन्स, वज्दी किती सहज वाटतो ना शेवटी?"

"वाटतात." ओन्सने गाठ दातांनी सोडवली. "आम्हांला आधीचे आवडायचे. तुम्ही पुसलेले."

"ते चुकलेले होते गं."

"मिस, तुम्ही एवढ्या शिकलेल्या ना? मी मोबाइल धरला तर ते कधी बघायचे माझ्याकडे?"

दोर्साफच्या हातात चादरीचं टोक तसंच राहिलं.

"ते कॅमेऱ्यात बघत नव्हते," ओन्स जरा मऊ आवाजात म्हणाली. "सगळ्यांना माहीत होतं. आम्हांला वाटलं तुम्हांलाही माहीत असेल, आणि तुम्हांला नको असेल… म्हणून तुम्ही तसं म्हणता."

निरीक्षण सगळं बरोबर होतं. मोबाइल कुणाच्या हातात असला की काय होतं, हे तिने स्वतःच्या डोळ्यांनी कितीदा तरी पाहिलं होतं. निष्कर्ष तेवढा उलटा काढला होता. दोर्साफने पिशवीत हात घालून मोबाइल काढला. त्यात वज्दी भरपूर होता: झावळ्या रोवताना, दोर वळताना, मासा तोलताना. प्रत्येक दृश्यात दुसरीकडे बघणारा. एवढ्या आठवड्यांत तिने एकही असा ठेवला नव्हता, जो तिच्याकडे बघत होता.

*

परतीच्या बोटीवर तो होता. पायाशी मोठी बॅग, दोरीने बांधलेला डबा.

दोर्साफ त्याच्याजवळ जाऊन कठड्याला टेकली. वारा इतका, की बोलायचं तर जवळच उभं राहावं लागत होतं.

"सिनेमाला आला नाहीस."

"स्वतःला दुसरीकडे बघताना बघून काय करू?"

ती एका दमात म्हणाली, "मला वाटायचं, तुला अभिनय येत नाही."

वज्दी हसला. खरंच हसला, डोळे मिटून. "आणि मला वाटायचं, तुला शिकवता फार छान येतं. किती गोड नकार द्यायचीस. आवाज न चढवता, दर वेळी… इथे नको, तिकडे बघ."

"तो नकार नव्हता."

"मग काय होतं?"

"नियम होता, वज्दी. नुसता नियम. त्या दिवशी नावेत तू विचारलंस… म्हणजे विचारलं नाहीस, पण… मला म्हणायचं होतं, जाऊ नकोस. मी विचार करत बसले. आता म्हणतेय. उशिरा म्हणतेय, ठाऊक आहे. पण तू मला आवडतोस. फार."

तो कठड्यावरच्या गंजलेल्या रंगाचा पापुद्रा नखाने काढत राहिला. बेट मागे सपाट होत-होत एक रेघ झालं होतं.

"शेवटचं दृश्य झालं, त्या संध्याकाळी आईला हो म्हटलं," तो म्हणाला. "मामा आला. परवा शुक्रवारी घरात लग्न ठरल्याची फातिहा वाचली. सगळे हात उचलून बसले होते, दोर्साफ. मामा माझ्या गळ्यात पडून रडला."

फातिहा वाचल्यावर पुढे बोलण्यासारखं काही उरत नाही, हे त्या दोघांनाही कुणी समजावून सांगायला नको होतं.

"चांगली आहे का ती?" तिने विचारलं.

"चांगली आहे. लहानपणी उन्हाळ्यात यायची. फार बोलते." त्याने पायाने डबा जवळ ओढला. "तिने काही वाईट केलेलं नाही."

"नाही ना. तिने काहीच केलेलं नाही."

"मला एकदा विचारायला हवं होतं सरळ," वज्दी म्हणाला. "नुसतं बघत राहिलो. आमच्याकडे एवढं पुरतं."

"आमच्याकडेही पुरतं रे. मीच…" तिने मान हलवली. बोटीचा भोंगा वाजला आणि वाक्य त्यात बुडून गेलं. बरंच झालं.

स्फाक्सचा धक्का आला. गाड्या सुरू झाल्या, माणसं सामान उचलून दाटीवाटीने उताराकडे सरकली. वज्दीने बॅग खांद्यावर टाकली. "तुझी पिशवी घेऊ?"

"नको. जा तू. गाडी चुकेल."

"सांभाळून राहा, मिस."

"तूसुद्धा."

इटलीची बोट गाठायला तो ट्यूनिसला जाणाऱ्या भाड्याच्या गाड्यांच्या रांगेकडे चालत गेला. तिने त्याला मधल्या सीटवर दाटीने बसताना पाहिलं, मांडीवर तो डबा. दार लागलं. गाडी वळली, मिठाच्या ढिगांच्या बाजूने गेली आणि दिसेनाशी झाली.

खिशात मोबाइल वाजला. आई होती.

"उतरलीस का गं? किती वेळ लावलास. सिनेमा कसा झाला?"

दोर्साफने डोळे पुसले.

"छान झाला, आई. लोकांना खूप आवडला. एकही चूक राहिली नाही त्यात."