उमजपत्राची हिरवी कड

मालन कोकरेला काहीच समजलेलं नाही, असं तिच्या हातातल्या उमजपत्राने पुन्हा एकदा जाहीर केलं. कडेची पट्टी लालभडक झाली, वरचा मजकूर पुसला गेला आणि त्याहून सोपा उमटला. सकाळी त्या पत्रात धड वाक्यं तरी होती: 'तंबाखूने गालाच्या आत आलेल्या पांढऱ्या चट्ट्याचा बारीक तुकडा काढून तपासला, तर कर्करोग लवकर ओळखता येतो.' आता लिंबाएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'मालन. गाल. डाग. डॉक्टर बघणार.' शेजारी चित्रातला एक दात हसत होता.

"ह्याच्या बापाला म्हणावं, मी बारावी शिकल्येली हाय," मालन करवादली.

"त्याची आई मीच," समोरची बाई म्हणाली. "डॉक्टर मृण्मयी सबनीस. पुण्याहून आलेय."

"मग पोरगं बिघडलंय तुमचं. जरा लक्ष द्या."

उमजपत्र येण्याआधी दवाखान्यात पत्रकं वाटत. ती डॉक्टरांनी डॉक्टरांसाठी लिहिलेली. लोक घडी घालून पिशवीत टाकायचे आणि सांगितलं तिथे सही करायचे. मग खटले झाले आणि कायदा आला, की पेशंटला समजल्याशिवाय संमती नाही आणि संमतीशिवाय तपासणी नाही. पण समजलं हे ठरवायचं कसं? सबनीसबाईंना तेव्हा एक साधी गोष्ट सुचली. अवघड वाक्यापाशी माणूस अडला, की त्याच्या डोळ्याची बाहुली मोठी होते आणि अंगठ्याला बारीक घाम सुटतो. वाक्य उलगडलं की दोन्ही निवळतं. हातातलं पत्र एवढंच बघत राहतं आणि अडलेलं वाक्य सोपं, आणखी सोपं करत जातं. अडणं संपलं की कड हिरवी होते, आणि तपासणीच्या खोलीचं दार आपोआप उघडतं. एरवी ते उघडत नाही, मग आतला डॉक्टर मोकळा का बसलेला असेना.

"कुठला शब्द अडतोय, मालनताई?"

"शब्द? माझी थोरली जाऊ जया ह्याच खुर्चीत बसली व्हती. लाल. पुन्यांदा या म्हणाले. पुन्यांदा लाल. मग ती आलीच न्हाई. पौषात गेली. शेवटाला तोंड उघडत न्हवतं तिचं, चमच्यानं पाणी सोडायचो."

"त्यांना समजलं नसेल तर..."

"तिला न्हाई समजलं?" मालनने पत्र टेबलावर आपटलं. दात हसतच राहिला. "समद्या गावात तिला एकटीला समजलं, म्याडम! वाचलं आन् घाम फुटला तिला."

सबनीसबाईंनी चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा घातला.

"भीतीनेही बाहुली मोठी होते," त्या हळूच म्हणाल्या. "घामही सुटतो. अडलेला माणूस आणि घाबरलेला माणूस, पत्राला दोघं सारखेच दिसतात. आम्ही धरून चाललो होतो, की नीट समजलं की भीती जाते."

"तुमच्या तोंडात कधी डाग आला न्हाई वाटतं."

"पण मग बाकीच्या बायका? राज्यात सगळ्यात जास्त हिरव्या कडा या आरोग्य केंद्रात होतात. म्हणून तर मी बघायला आले!"

मालनला हसू फुटलं, आणि ते काही चांगलं हसू नव्हतं. तिने खिडकीकडे बोट केलं. बाहेर ओसरीवर बायका ओळीने बसल्या होत्या. प्रत्येकीचं बोट तोंडात. भाजलेल्या तंबाखूची काळी पूड, मिश्री, हिरड्यांवर निवांत फिरत होती.

"नंबर लागंस्तवर दुसरं काय करणार? मी बी लावायची. जया गेली त्या दिवशी डबी वढ्यात फेकली. दोन म्हयने डोकं ठणकत व्हतं, पर बोट न्हाई लावलं."

सबनीसबाई उठून खिडकीशी गेल्या. तंबाखूने डोळ्याची बाहुली आकसते, आणि सवयीच्या जिवाला तलफ भागली की स्वस्थ वाटतं, अंगठाही कोरडा राहतो. हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

"म्हंजे जिला भ्या वाटत न्हाई तिला आत घेता," मालन म्हणाली, "आन् वाटतं तिला घरला धाडता."

"मी वर कळवते. दुरुस्ती होईल."

"कवा?"

"मंजुरी लागते... पुढच्या वर्षी."

"आन् ह्यो थांबतोय व्हय तवर?" मालनने बोटाने गाल ओढून दाखवला. पांढऱ्या चट्ट्यात लाल ठिपके होते. बाई जरा वाकल्या आणि चटकन मागे झाल्या. त्यांचा चेहरा बघून मालनला कुठलंही पत्र वाचायची गरज उरली नाही.

मग बाईंनी तिला दीर्घ श्वास घ्यायला लावले. लाल. देवाचं नाव घ्यायला लावलं. लाल. शेवटी त्या उठून ओसरीवर गेल्या, बायकांशी काहीतरी बोलल्या. एक बाई तोंडावर पदर धरून खुदकन हसली. सबनीसबाई मूठ मिटून आत आल्या.

"मालनताई, एकदाच. नुसतं दार उघडेपर्यंत."

तळहातावर काळी पूड होती.

"ज्यानं ह्यो डाग आला, त्येच लावू?"

बाईंनी तळहात तसाच पुढे धरला. मालनने त्यांच्याकडे बघितलं, दाराकडे बघितलं. मग एक चिमूट उचलली. हिरड्या चरचरल्या, डोकं गरगरलं, आणि त्यानंतर ती जुनी, ओळखीची सुस्ती मानेवरून खाली उतरली. इतक्या महिन्यांनी घरी आल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटलं याचा तिला फार राग आला. पण राग अंगठ्यापर्यंत पोचलाच नाही.

कड हिरवी झाली.

'शाब्बास, मालन! तंबाखूचे धोके तुम्हाला पूर्ण समजले आहेत.'

दार उघडलं. मालन तोंड काळं घेऊन उंबऱ्यापर्यंत गेली आणि वळली.

"म्याडम, उद्या आमच्या सरूचा नंबर हाय. जयाची लेक. आयेपायी तिनं बी मिश्री सोडलीया. तिला काय सांगू?"

सबनीसबाईंनी मूठ पुन्हा मिटली होती. मुठीत थोडी पूड उरली होती.