कृतिकाचे ड्रमवाले सर

समिधा आणि नयन पहिल्यांदा समोरासमोर आले ते माजिवड्याच्या सोसायटीतल्या लिफ्टच्या दारात. मध्ये एक भलामोठा ड्रम अडकला होता… आत जाईना, बाहेर येईना. ड्रममागून एक घामेजलेला चेहरा डोकावला आणि "सॉरी हां" म्हणाला. समिधा काही बोलणार, तोच कृतिकाने तिचा हात सोडून ड्रमवर दणकन बुक्की मारली.

समिधा ओशाळली. बहिणीची ही सात वर्षांची लेक म्हणजे शाळेची रोजची तक्रार. एका जागी बसायची नाही, कुणाला बोलू द्यायची नाही, रागावली की हातातलं फेकायची. पण तो रागावला नाही.

"परत मार," तो म्हणाला. "पण आता एवढं हळू, की फक्त मला ऐकू आलं पाहिजे."

कृतिकाने श्वास रोखून एक बोट टेकवलं. समिधा बघतच राहिली… आधी तिच्याकडे, मग त्याच्याकडे.

नयन माजिवडा गावातलाच, आगऱ्यांच्या घरचा. भाऊ जमिनींचे व्यवहार बघायचे. याला वेड पोरांना ड्रम शिकवायचं. सोसायटीच्या हॉलमध्ये त्याने क्लास सुरू केला आणि कृतिका जाऊ लागली. उजव्या हाताला एक काम, डाव्याला दुसरं, पायाला तिसरं. हे सांभाळता सांभाळता तिचं भिरभिरणारं मन ठिकाणावर येऊ लागलं. राग ड्रमवर निघायचा, रात्री शांत झोप लागायची. शिवाय इतर मुलांबरोबर वाजवताना आपली पाळी येईपर्यंत थांबावं लागे. घरी कुणाला शिकवता न आलेलं ते थांबणं तिला तिथे जमलं.

तिला आणायला समिधा हल्ली जरा लवकरच पोचायची. एकदा नयनने तिच्याही हातात काठ्या दिल्या.

"बसा ना, मावशी."

"मला मावशी नका म्हणू."

"मग काय म्हणू?"

"…समिधा."

तिचं मनगट सरळ करताना त्याची बोटं क्षणभर रेंगाळली. "तुमचा उजवा हात ऐकतो," तो हसत म्हणाला. "डावा फार हट्टी आहे."

नवरात्रात तिघं टेंभी नाक्याच्या देवीला गेले. कृतिका त्याच्या खांद्यावर, आणि गर्दीत समिधाचा हात त्याच्या हातात कधी गेला ते दोघांनाही कळलं नाही. कळलं तेव्हा कुणी सोडवलाही नाही. शेजारच्यांनी मात्र ते पाहिलं.

दिवाळीनंतर आवाजाच्या तक्रारीवरून सोसायटीची मीटिंग झाली. समिधाचे भावोजी, म्हणजे कृतिकाचे बाबा सौमित्र, सेक्रेटरी. ती राहायची त्यांच्याच घरी. मुलांना फायदा होतोय, आवाज कमी करायला गाद्या लावतो, असं नयन समजावत होता. तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "क्लास मुलीचा आहे की मावशीचा?" हशा पिकला. सौमित्रने समिधाकडे रोखून पाहिलं.

"समिधा, तू सांग ना," नयन म्हणाला. "कृतिकाला बघतेस ना तू रोज."

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. तिच्या ओठांवर किती काय होतं. पण ती म्हणाली, "आवाज तसा… होतो थोडा."

क्लास बंद झाला. नयनने आंबिवलीच्या एका शाळेत शिकवायला सुरुवात केली. समिधाने मेसेज लिहिले, पुसले. कृतिकाची आई मृणाल तिला दर रविवारी तिथे नेऊ लागली, पण समिधाचा पाय निघेना. शेवटी एका रविवारी मृणालला ताप आला आणि कृतिकाला घेऊन समिधा गेली.

व्हरांड्यात बाकांवर पालक बसले होते. कृतिका आत पळाली. नयन दारात उभा होता.

"माझं चुकलं रे," समिधा हळूच म्हणाली. "क्लाससाठीच नाही फक्त… मला तू आवडतोस. तेव्हाही आवडायचास."

"मलापण आवडतेस. अजून," तो म्हणाला. "क्लास गेल्याचं नाही वाटलं एवढं. मी तुझ्या तोंडाकडे बघत बसलेलो. उद्या परत चार माणसं बसली, तर बोलशील?"

बोलेन, असं तिला म्हणायचं होतं. पण त्याआधी तिची नजर गेली बाकांवर… कुणी ऐकतंय का ते बघायला. क्षणभरच. ती पुन्हा वळली तेव्हा नयनने ते पाहिलेलं होतं.

तो हसला, अगदी मायेने. "कृतिकासाठी पाणी भरून ठेव. तहान लागते तिला," म्हणाला, आणि आत गेला.

दार लोटलं गेलं. समिधा बाकाच्या टोकाला, पालकांमध्ये जाऊन बसली. आत मुलं वाजवू लागली.