चोरवाटेने शिरलेली हवा

"गेली! पुन्हा बंद पडली!" ढब्बू ओरडला.

अंगणात आजोबांची जुनी मोटारसायकल आचके देत थरथरली आणि गप्प झाली.

"इंजिनच संपलंय तिचं!" काका हात झटकत म्हणाले. "संध्याकाळी गिऱ्हाईक येतंय. देऊन टाकतो एकदाची!" आणि ते खुशाल झोपायला आत गेले.

ढब्बूची बहीण चिमणी गाडीजवळ सरकली. दर सुट्टीत स्टेशनबाहेर उभं राहिलं, की आधी हिचा आवाज यायचा. धक, धक, धक! संथ आणि भारदस्त. मग वळणावर आजोबा दिसायचे. गुडघा दुखायला लागला आणि त्यांनी गाडी काकांच्या हवाली केली. आता ते ओट्यावर पेपर धरून बसले होते, पण पान काही उलटत नव्हतं.

"ढब्बू, इंजिन संपलंय, तर सकाळी रस्त्यावर सुसाट कशी पळाली रे?"

"खरंच की! फक्त हळू केली की मरते!"

दोघं भावंडं गाडीशेजारी उकिडवी बसली. सगळीकडे धुळीचा थर. एकाच स्क्रूवर मात्र ताजे चकाकते ओरखडे! हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या कार्बोरेटरपासून इंजिनाकडे जाणारी रबरी नळी आवळून धरणाऱ्या पट्टीचा स्क्रू होता तो.

"काकांनी परवाच कार्बोरेटर साफ केला ना?" ढब्बू कुजबुजला. "पट्टी बघ, तिरकी बसलीय!"

"हवा गळत असेल. सायकलच्या पंक्चरसारखं पाणी लावून बघू. आजोबा, चालू करू का?"

पेपर खाली आला. "कर. पण धुराच्या गरम नळकांड्याला हात लावू नकोस."

गाडी आचके देत सुरू झाली. ढब्बूने ॲक्सिलरेटरची मूठ हलकेच पिळून धरली. चिमणीने रंगाचा ब्रश पाण्यात बुडवून पट्टीच्या कडेवर टेकवला. बुडबुडा एकही नाही! उलट पाणी आत ओढलं गेलं आणि फट बुजून क्षणभर इंजिन अगदी सुरळीत चाललं!

"आजोबा! हवा बाहेर जात नाहीये, आत शिरतेय!"

आजोबा गुडघा विसरून उठले. "शाब्बास! हळू चालताना इंजिन घोटभरच हवा घेतं. त्यात ही चोरवाटेची मिसळली, की पेट्रोल कमी पडतं. मोठ्या वेगात तेवढ्याने बिघडत नाही."

इंजिन बंद करून चिमणीने नळी नीट दाबून बसवली, पट्टी सरळ केली, स्क्रू आवळला. आजोबांनी स्वतः किक मारली.

धक, धक, धक!

काका डोळे चोळत धावत आले. "कुठल्या मेकॅनिकला बोलावलंत?"

"हे काय, दोन उभे आहेत!" आजोबा म्हणाले. "आणि पट्टी सैल ठेवणारा तिसरा आत्ताच झोपेतून उठला!"

काका ओशाळून हसले. "हरलो बुवा! पोरांनो, डोकं आहे तुम्हाला. गिऱ्हाइकाला 'येऊ नका' म्हणून कळवतो."

आजोबांनी चिमणीच्या डोक्यावर हात ठेवला. मग डोळे मिटून ते तो आवाज ऐकत राहिले.