शेवटची फोड

कातारी आणि त्याची बायको यांच्यात कामाची वाटणी लग्नापासूनच ठरलेली होती. ती लाकडाचे तुकडे जुळवून नक्षीच्या रिंगा करायची. तो त्या एकावर एक चिकटवायचा, लेथवर चढवायचा आणि पटाशीने कातून त्यांचं भांडं करायचा. फिकं लाकूड आणि त्यात पत्त्यांतल्या चौकटसारखी काळी नक्षी, अशी तिची रिंग शेकडोंत ओळखू यायची.

संत्र्याच्या फोडींसारखे गोल बसतात म्हणून त्या तुकड्यांना ती फोडीच म्हणायची. फोड कापताना केसभर चूक झाली तरी ती साचत जाते आणि शेवटच्या फोडीपाशी उघडी पडते. एक तर फोड शिरत नाही, नाहीतर फट राहते. म्हणून शेवटची फोड ती हातात धरून घासायची आणि अंगठ्याने दाबून बसवायची.

"माझ्याबरोबर संसार केलास, त्यात एवढ्या फटी चालल्या," कातारी चिडवायचा. "लाकडात मात्र एकही फट चालत नाही."

"लाकूड ऐकतं हो," ती म्हणायची.

मग भुशाने तिची छाती धरली. कारखान्यात पाऊल टाकायचं नाही, डॉक्टरांनी बजावलं. त्यांची राहायची खोली कारखान्याला लागूनच होती. कातारीने मधलं दार बंद केलं आणि चौकटीच्या फटींत चिंध्या कोंबल्या. भिंतीपलीकडून तिचा खोकला यायचा आणि मधेच हाक यायची, "अहो, दार उघडता का जरा? कोंडल्यासारखं होतंय."

तो नाही म्हणायचा. तिच्याच भल्यासाठी म्हणायचा.

तिच्याविना त्याने स्वतः रिंगा जुळवून पाहिल्या. त्या इतक्या खिंडारांच्या निघाल्या की त्याने गुपचूप शेगडीत घातल्या.

एका सकाळी तिच्या बाकावर नवी रिंग होती. पत्र्याच्या पट्टीने आवळलेली, सरस अजून ओला.

"उठली होतीस ना?" तो आत जाऊन रागावला. मनातून मात्र सुखावला होता.

"मला धड बसवत नाही. उठते कसली."

त्याने तिची बोटं नाकाशी नेली. औषधाचा वास होता, सरसाचा नव्हता.

त्याने कारखान्याला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात ठेवली. मधल्या दाराच्या चिंध्याही जागच्या हलल्या नव्हत्या. तरी दुसरी रिंग आली, मग आणखी येत राहिल्या. इतकं नेटकं काम पडून कसं राहू द्यायचं? तो एकेक चिकटवत गेला. खोकला कमी होत होता, तेव्हा दार बंद ठेवल्याचा गुण आला असं त्याला वाटलं.

एके दिवशी लेथ थांबवून तो भांड्याच्या आतून हात फिरवत होता, तेव्हा खोकला आला. भिंतीपलीकडून नाही. हाताखालून.

तो आत धावला. ती शांत पडली होती. डोकं उशीवर होतं, पण उशी दबलेली नव्हती.

त्या दिवसापासून कातारीला रिंगांची भीती बसली. बुडापासून रुंदावत आलेल्या त्या रिंगा आता पुन्हा आकसत होत्या. त्याने चिकटवणं सोडलं, तरी सकाळी त्या भांड्यावर बसलेल्याच दिसायच्या. भांड्याचं तोंड मिटत चाललं होतं.

त्याने करवत घेतली आणि दात लाकडावर टेकवले.

"अहो," भिंतीपलीकडून ती म्हणाली, "पाठीला काहीतरी गार लागलं."

त्याने करवत खिळ्याला टांगली.

भांड्याच्या तोंडावर बसलेल्या शेवटच्या रिंगेला मधे भोक नव्हतंच. फोडींची टोकं मध्यावर मिळाली होती. एकच जागा रिकामी होती आणि तिथली फोड बाकावर पडली होती. त्याने ती शेगडीत टाकली आणि पार राख होईपर्यंत तिथून हलला नाही.

दुपारी ती दूध प्यायली. उशीला खळगा पडला. कातारी तोंड फिरवून रडला.

"शेवटची फोड बसली का हो?" तिने विचारलं.

"कसली फोड?"

"फट राहिलीय कुठेतरी." तिने छातीवर हात ठेवला. "इथून वारा येतो."

"येऊ दे," तो म्हणाला.

तो औषध आणायला बाहेर पडला. कितीतरी दिवसांनी त्याला भूक लागली होती. परतला तेव्हा मधलं दार सताड उघडं होतं, चिंध्या जमिनीवर पडल्या होत्या. ती तिच्या बाकापाशी स्टुलावर बसून बोटांत धरलेली एक फोड काचकागदावर घासत होती.

"बरं वाटतंय आज," ती हसली. "एवढी फट ठेवलीत तुम्ही. मला बघवेना."

"ठेव ती खाली. ऐक माझं."

"झालंच," ती म्हणाली आणि अंगठ्याने दाबलं.

फोड बसली.

स्टूल रिकामं होतं.

आत पलंगावर चादर सपाट होती.

कातारीने भांडं उचललं. ते कोमट होतं. सगळे सांधे त्याने चाचपले, नख शिरेल एवढीही फट नव्हती. समोर खिळ्याला करवत टांगलेली होती.

भांड्यातून खोकला आला.

"अहो," ती म्हणाली, "दार उघडता का जरा?"