सत्त्याण्णव छायामतं

रविवारी सकाळी दहाला कोल्हापुरातल्या उत्तरवेस तालमीच्या सभागृहात हजेरी सुरू झाली. रिवाजाप्रमाणे आधी हयात सभासदांची, मग वारलेल्यांची.

"दत्ताजी सरनोबत," न्यासाची तंत्रज्ञ तरन्नुम बागवान हिनं नाव वाचलं.

"हजर," भिंतीवरच्या स्पीकरमधून उत्तर आलं. जरा घोगरं, शेवटचं अक्षर ओढलेलं.

पहिल्या रांगेत वैजयंता सरनोबत हिनं डोळे मिटून ते ऐकलं. नवरा जाऊन चार वर्षं झाली होती. सभा वर्षातून दोनदा, म्हणजे हा शब्दही वर्षातून दोनदा. यंत्रानं घडवलेल्या त्याच्या छायेला सभेबाहेर बोलतं करायला नियमानं मनाई होती. आजचा आठवा 'हजर'.

तालमीचा फुटबॉल संघ पाच वर्षांपूर्वी एका कंपनीनं घेतला होता. एक हक्क मात्र समर्थकांच्या न्यासाकडे राहिला होता: संघाचं नाव, रंग किंवा गाव बदलायचं तर न्यासातली पाऊण मतं हवीत. नवी पिढी संघाचं नाव-गावही विकून मोकळी होईल, ही म्हाताऱ्यांची भीती. म्हणून छायामताचा ठराव झाला. सभासद वारला, तरी तीस वर्षांच्या सभांतली त्याची भाषणं, चित्रफिती आणि मतदान यांवरून यंत्र त्याची छाया घडवी. प्रश्न विचारला की छाया त्याच्या आवाजात मत देई आणि एका वाक्यात कारणही सांगे. अशा सत्त्याण्णव छाया होत्या.

आता कंपनीला संघ पुण्याबाहेरच्या नव्या स्टेडियममध्ये कायमचा न्यायचा होता. दोनशे बारा हयात सभासदांनी गुरुवारपर्यंत फोनवर गुप्त मतं दिली होती. एकशे चाळीस बाजूनं, बहात्तर विरोधात. छायांची मतं आज सभेत घ्यायची होती.

ती काय येणार, हे वैजयंताला शुक्रवारीच कळलं होतं. न्यासाची चिटणीस म्हणून यंत्राच्या बिनआवाजी चाचणीला ती हजर होती. पडद्यावर सत्त्याण्णव 'होय' उमटले. एकही 'नाही' नव्हता.

"दोनशे सदतीस," तरन्नुमनं बेरीज केली. "दोनशे बत्तीस लागतात. संघ गेला, काकी."

"आमचे हे होय म्हणणार? संघ कंपनीला दिला त्या दिवशी जेवले नव्हते ते."

"त्या दिवशी सभेत हात वर केला होता का?"

केला होता. सगळ्यांनीच केला होता. सभेत एकमत आणि भांडण बाहेर कट्ट्यावर, ही तालमीची रीत होती. अध्यक्ष आबा खराडे यांनी ठराव मांडायचा आणि हात वर जायचे. दत्ताजी घरी येऊन चपला काढायच्या आत बोलायला सुरुवात करायचा, "आबाला चारचौघांत नाही कसं म्हणू? माझ्या बापाच्या मयताला खांदा दिलाय त्यानं."

"यंत्र चुकलं नाही, काकी," तरन्नुम म्हणाली. "त्यानं जे पाहिलं तेच शिकलं. इतिवृत्तात प्रत्येक ठरावाखाली एकच ओळ आहे, 'एकमताने मंजूर'."

ती ओळ गेली एकोणीस वर्षं वैजयंतानंच लिहिली होती.

"मग मी सांगते ना ते घरी काय बोलायचे. शिकव त्याला."

"तुमच्या सांगण्यावरून शिकवलं तर ते तुमचं मत होईल. त्यांचं नाही."

"दुसरा काही मार्ग?"

तरन्नुमनं नियमावली उघडली. छाया चुकीच्या पुराव्यावर घडली असेल तर वारस हरकत घेऊ शकतो. अध्यक्षांनी ती मानली की छाया बंद. "पण सगळ्यांची घडण एकच आहे. एकीवरची हरकत टिकली, तर सत्त्याण्णवही बंद होतील. परत सुरू करायला परवानगी नाही."

"आवाजसुद्धा?"

"आवाजसुद्धा."

शनिवारी वैजयंतानं अर्ज तीनदा लिहिला आणि दोनदा फाडला.

हजेरी संपताच ती उठली. अर्ज तिनं सलग वाचला. शेवटचं वाक्य होतं, 'मी लिहिलेली इतिवृत्तं खरी नाहीत, म्हणून त्यांवरून घडलेल्या छायाही खऱ्या नाहीत.'

"वहिनी, एकोणीस वर्षं तुम्हीच लिहिलंसा की एकमतानं!" रंगराव सुतार मागून ओरडला. "आता कुठनं सुचलं?"

"व्हय, मीच लिहिलं. आणि रंगराव, सभा सुटल्यावर कट्ट्यावर सगळ्यात मोठा आवाज तुमचाच असायचा. तो लिहिला नाही, हीच माझी चूक."

हशा पिकला, पण लगेच विरला. शालन पोवार उभी राहिली होती. तिचा मुलगा संघाचा गोलरक्षक होता. अपघातात गेला तेव्हा एकोणतीस वर्षांचा होता.

"माझ्या पोराचा आवाज तेवढाच हाय गं, वैजा," ती म्हणाली. "मी सभेला मत द्यायला येत न्हाई. त्याला ऐकायला येते. तो तू बंद करणार?"

"मीबी ह्यांना ऐकायलाच येते, शालन," एवढंच वैजयंता म्हणाली.

आबा खराडे खुर्चीत पुढे झुकले. वय ब्याऐंशी. "दत्ता माझ्या विरोधात होता?"

"प्रत्येक वेळी नाही, आबा. संघ विकायच्या वेळी होता."

"मग त्यानं सांगितलं का नाही?"

"तुम्ही त्यांच्या वडिलांना खांदा दिला होता."

आबांनी समोरच्या रांगांवरून नजर फिरवली. बऱ्याच माना खाली गेल्या. "म्हणजे तीस वर्षं मी एकटाच सभा चालवत होतो म्हणायचं," ते म्हणाले. मग त्यांनी माईक जवळ ओढला. "हरकत मान्य. छायामतं धरायची नाहीत."

हिशेब सोपा होता. दोनशे बारांपैकी एकशे चाळीस म्हणजे पाऊण होत नाहीत. संघ कोल्हापुरातच राहणार होता. टाळी कुणी वाजवली नाही.

नियमानुसार बंद होण्याआधी प्रत्येक छायेला शेवटचं विचारायचं होतं. सुरुवात हरकतदाराच्या घरापासून.

"दत्ताजी सरनोबत," तरन्नुम म्हणाली, "तुमची छाया आज बंद होते आहे. काही म्हणायचंय?"

"सभा म्हणेल तसं," स्पीकरमधून लगेच आलं.

दोघंतिघं नकळत हसले. दत्ता अगदी असंच म्हणायचा. आबांनी मात्र चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला.

वैजयंता चालत यंत्राजवळ गेली. सभेत नवऱ्याशी ती कधी थेट बोलली नव्हती.

"सभा राहू द्या," ती म्हणाली. "तुमचं सांगा."

एरवी उत्तराला सेकंदही लागत नसे. पाच सेकंद गेले. दहा गेले. पडद्यावरची आवाजाची हिरवी रेघ सरळ धावत राहिली. तरन्नुमनं नोंदी चाळल्या आणि हळूच म्हणाली, "काकी, असा प्रश्न त्यांना सभेत कुणी कधी विचारलेलाच नाही. यंत्राकडे उत्तर नसणार. थांबवू?"

"थांब जरा."

अर्धं मिनिट झालं. शालन पुढे येऊन वैजयंताशेजारी उभी राहिली. तिच्यामागे आणखी कुणी आलं, मग आणखी कुणी.

न शिकवलेलं उत्तर यंत्र देऊ शकत नाही, हे त्या सभागृहात प्रत्येकाला ठाऊक होतं. मग दोनशे माणसांपैकी एकही जण, ते बंद कर, असं का म्हणत नव्हता?