टिटवी कोणत्या शहराला द्यायची?

ही गोष्ट २०५८ सालची. मी तेव्हा अकरा वर्षांची होते आणि सातपुड्यात, धडगावच्या शाळेत शिकत होते. आता पुष्कळ गोष्टी विसरले आहे, पण त्या मार्चमधला तो आठवडा जसाच्या तसा आठवतो.

त्या वर्षी आपली चार अंतराळयाने निवृत्त झाली. वीस वर्षे ती माणसे आणि सामान अंतराळस्थानकावर पोचवत होती. त्यांना पक्ष्यांची नावे होती: धनेश, नीलपंख, खंड्या आणि टिटवी. लोकांना पाहता यावीत म्हणून ती चार शहरांना द्यायचे ठरले. नियम एकच. कुठल्याही मुलाला सकाळी निघून, यान पाहून, रात्री जेवायला घरी परतता आले पाहिजे. धनेश नागपूरला गेले, नीलपंख लातूरला, खंड्या साताऱ्याला. टिटवीसाठी नाशिक आणि नंदुरबार यांच्यात चुरस होती, आणि नाशिकचे नाव जवळजवळ पक्के झाले होते. तसे झाले असते, तर आम्ही धडगावची मुले टिटवीला कधीच पाहू शकलो नसतो.

निर्णयाला तीन दिवस उरले असताना निवड समितीच्या प्रमुख डॉ. नेर्लेकरबाई आमच्या वर्गात आल्या. बरोबर त्यांचा मोजणी करणारा रोबो होता, कमरेएवढा उंच, डोक्यावर हिरवा दिवा. बाई त्याला ‘मोजेराव’ म्हणत.

“जेमली पावरा कोण?” मोजेरावांनी विचारले. मी उभी राहिले.

“समितीने मुलांकडून भरून घेतलेल्या अर्जात तू घर ते नाशिक अंतर सात किलोमीटर लिहिले आहे.”

वर्गात हशा पिकला. “हिच्या ओट्यावरून गोदावरी दिसते!” मागून दिल्या ओरडला.

“तू काय लिहिलंस रे?” बाईंनी त्याला विचारले.

दिल्या खाली बघत म्हणाला, “सातच, बाई.”

शाळेतल्या दोनशे बारा मुलांपैकी प्रत्येकाने सहा, सात नाहीतर साडेसात लिहिले होते. मोजेरावांच्या हिशेबी आम्ही सगळे नाशिकच्या वेशीवरच राहत होतो!

“अगं, पण सात कसे?” बाईंनी मला विचारले.

“सात तास, बाई. आमच्याकडे ‘किती लांब’ विचारलं की तासच सांगतात. घाटात किलोमीटर कोण मोजतं?”

दिवा लुकलुकला. “दुरुस्ती केली. धडगाव ते नाशिक, सरळ रेषेत दोनशे सात किलोमीटर. दिवसात जाऊन येण्यासाठी मी धरलेली मर्यादा तीनशेची. नाशिक योग्य.”

मला रडूच यायला लागले. “सरळ रेषेत जायला आम्ही काय टिटव्या आहोत?”

बाईंनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाल्या, “मोजेराव, उद्या तुम्ही एसटीने प्रवास करायचा.”

माझे बाबा धडगाव-नंदुरबार गाडी चालवत. सकाळी मोजेराव खिडकीशी बसले. त्यांची उंची पाहून कंडक्टरने विचारले, “यांचं तिकीट अर्धं की पूर्ण?” मी आणि बाई मागच्या बाकावर होतो.

वळणामागून वळण येत राहिले. तासाभराने मोजेराव म्हणाले, “चाके धावली एकतीस किलोमीटर. सरळ रेषेत पुढे सरकलो फक्त चौदा. चूक कोणाची?”

“घाटाची,” बाबा म्हणाले. “आणि मला ती रोज करावी लागते.”

नंदुरबारला पोचायला तीन तास लागले. स्थानकाच्या बाकावर बाईंनी नकाशा पसरला.

“आता किलोमीटर विसरा. इथून तीन तासांत जिथवर जाता येतं ती गावं जोडा. ही समकाल रेषा (एका ठिकाणी पोचायला सारखाच वेळ लागणारी गावे जोडणारी रेषा).”

मला वाटले, गोल वर्तुळ येईल. आली ती माझ्या पहिल्या भाकरीसारखी आकृती! सपाटीवर, मोठ्या रस्त्यांच्या बाजूला ती लांब पसरली होती आणि सातपुड्याकडे पार आत दबली होती. धडगाव अगदी काठावर होते.

“आता नाशिकपासून पाच तासांची रेषा काढा. जायला त्याहून जास्त लागले, तर रात्री जेवायला घरी पोचणं नाही,” बाई म्हणाल्या. धडगाव तिच्या बाहेर राहिले. मी नकाशावर वाकले.

“बाई, नाशिकच्या मुलांना द्रुतगती रस्त्याने इथे यायला किती वेळ लागेल?”

“साडेतीन तास,” मोजेराव म्हणाले.

“म्हणजे ती इथे येऊन रात्री घरी जातील. आम्ही तिकडे जाऊन येऊ शकत नाही!”

मोजेरावांनी दोन्ही रेषा पुन्हा तपासल्या. “मला विचारले होते वेळेबद्दल. मी मोजत होतो लांबी. नियमात नंदुरबार बसते, नाशिक बसत नाही.”

दोन दिवसांनी निर्णय झाला, आणि जूनआधीच टिटवी लांबलचक गाडीवर पहुडून नंदुरबारात शिरली. गच्च्यांवर माणसे मावत नव्हती. आमच्या पाड्यांवरून ढोल आले होते. आगीतून जाऊन जाऊन काळ्या पडलेल्या तिच्या पोटावर मी तळवा टेकवला. ते खरखरीत होते, आमच्या तव्याच्या पाठीसारखे. रात्री आठला आम्ही घरी जेवायला बसलो, सगळेच्या सगळे.

बाबांनी आणखी एकोणीस वर्षे तीच गाडी चालवली. दिल्या टिटवीच्या संग्रहालयाचा प्रमुख झाला. मोजेरावांनी साऱ्या राज्याच्या समकाल रेषा काढल्या, तेव्हा राज्याच्या दुसऱ्या टोकाचे सिरोंचाही चारही यानांपासून फार दूर पडलेले दिसले. तिकडे अंतराळवीरांना पृथ्वीवर उतरवणारी एक कुपी गेली, आणि पुढे त्याच नकाशांवरून दवाखान्यांच्या जागा ठरल्या. नेर्लेकरबाई ब्याण्णव वर्षांच्या होऊन गेल्या. शेवटपर्यंत मला पत्र लिहीत. मी चंद्रावर रस्ते आखायला गेले आणि बावीस वर्षांनी परतले.

पुढच्या वर्षी मंगळावर ये-जा करणारी तीन याने निवृत्त होणार आहेत. ती कुठे ठेवायची हे ठरवणाऱ्या समितीवर मला बोलावले आहे. गुडघे कुरकुरतात, पण मी हो कळवले आहे.